न उघडणारी चित्रफीत : पुसून टाकण्यापूर्वी तिची ओळख करून घ्या

दरवर्षी चैत्र पौर्णिमेला कोल्हापूरच्या वायव्येस असलेल्या वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर जोतिबाची यात्रा भरते. गावोगावच्या उंच सासनकाठ्या डोंगरावर येतात, गुलालाने माणसे व वाटा रंगून जातात आणि 'चांगभलं'चा गजर दऱ्याखोऱ्यांत घुमतो. आज या सोहळ्याचे चित्रण असंख्य भ्रमणध्वनींवर होते. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी मात्र गावातील एखादा व्हिडिओ शूटिंगवाला खांद्यावर कॅमेरा घेऊन येई आणि नंतर त्याची सीडी घरोघरी पोहोचवी.

अशा एका घराची कल्पना करू या. डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या या घरातील आजोबा हयात नाहीत. त्यांनी सासनकाठी धरली होती, त्या यात्रेची सीडी कपाटात आहे. नातू ती पेनड्राइव्हवर घेतो, दूरचित्रवाणी संचाला जोडतो, आणि पडद्यावर एवढेच उमटते की, ही फाइल ओळखता येत नाही. आजोबांचा चालता-बोलता एकमेव ठेवा त्या फाइलीत आहे. 'खराब झाली असेल' असे म्हणून घरातले कोणी ती पुसून टाकते किंवा सीडी रद्दीत जाते.

आपल्या धर्मग्रामातील घरांतही याहून वेगळे घडत नाही. कोणाच्या विवाहाची, कोणाच्या बाप्तिस्म्याची, कोणाच्या प्रथम ख्रिस्तप्रसादाची चित्रफीत अशीच कपाटात पडून आहे. म्हणून वाचकांच्या माहितीसाठी या लेखात एकच गोष्ट सांगावयाची आहे : जी फाइल उघडत नाही ती बहुधा नष्ट झालेली नसते, ती आपल्या यंत्राला वाचता येत नसते, इतकेच. ती वाचता येण्याजोगी करण्याची साधने मोफत मिळतात. थोडा धीर आणि थोडी पद्धत अंगी असली, तर घरच्या संगणकावर हे काम होऊ शकते.

पाकीट आणि पत्र

चित्रफितीची फाइल म्हणजे नेमके काय, हे प्रथम समजून घेऊ या. आपण तिला एमपीफोर, एव्हीआय, एमकेव्ही अशा नावांनी ओळखतो. ही नावे पाकिटाची आहेत. पाकिटाच्या आत दोन वेगळी पत्रे असतात : एक चित्राचे, दुसरे ध्वनीचे. ही पत्रे ज्या सांकेतिक पद्धतीने लिहिलेली असतात, तिला 'कोडेक' म्हणतात. पाकीट एकच असले तरी आतील लिपी निराळी असू शकते. एव्हीआय हे पाकीट मायक्रोसॉफ्टने १९९२ साली आणले. त्यात पुढील काळात कितीतरी निरनिराळ्या कोडेकांची चित्रे भरली गेली. म्हणूनच एक एव्हीआय फाइल चालते आणि दुसरी चालत नाही.

मोडी लिपीचे उदाहरण येथे समर्पक ठरेल. कोल्हापूरच्या पुरालेखागारात करवीर संस्थानची मोडी लिपीतील कागदपत्रे जतन केलेली आहेत. आजच्या विद्यार्थ्याला ती वाचता येत नाहीत. पण म्हणून ती कागदपत्रे खराब झाली, असे कोणी म्हणणार नाही. ती वाचणारा जाणकार हवा, किंवा त्यांचे बालबोध लिपीत लिप्यंतर व्हावयास हवे. न उघडणाऱ्या फाइलीचेही तसेच आहे. कधी केवळ पाकीट बदलावे लागते, कधी आतील पत्राचे लिप्यंतर करावे लागते, आणि क्वचित पत्र खरोखरच फाटलेले असते. या तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. म्हणून उपायाआधी निदान हवे.

निदानापूर्वी चार साध्या गोष्टी

पहिली गोष्ट म्हणजे मूळ फाइलीला हात लावू नये. तिची प्रत काढावी आणि सर्व प्रयोग त्या प्रतीवर करावेत.

दुसरी गोष्ट, फाइलीचा आकार पाहावा. आकार शून्य असेल किंवा अर्ध्या तासाच्या चित्रणाचा आकार काही किलोबाइटच भरत असेल, तर प्रत काढतानाच काम अर्धवट राहिलेले आहे. मूळ माध्यमावरून ती पुन्हा घ्यावी. पेनड्राइव्ह 'फॅट ३२' पद्धतीने आखलेला असेल, तर त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावतच नाही, हेही ध्यानात ठेवावे. उलट तो नव्या पद्धतीने आखलेला असेल, तर काही जुने दूरचित्रवाणी संच तो वाचू शकत नाहीत. अशा वेळी दोष फाइलीचा नसून पेनड्राइव्हच्या आखणीचा असतो.

तिसरी गोष्ट, नाव बदलून पाहण्याचा मोह टाळावा. एमकेव्ही फाइलीच्या नावाचा शेवट बदलून एमपीफोर केला, तर ते पाकिटावर दुसरे लेबल चिकटविण्यासारखे आहे. आत काहीच बदलत नाही. मात्र याच्या उलट प्रकारही घडतो. कोणीतरी आधीच चुकीचे लेबल लावलेले असते आणि त्यामुळे फाइल ओळखली जात नाही. विंडोज प्रणाली नावाचा हा शेवटचा भाग बहुधा लपवून ठेवते. तो दाखविण्याची सोय सुरू करून घ्यावी. शेवटी 'ईएक्सई' असे दिसले, तर ती चित्रफीत नसून कार्यक्रम आहे व तो घातक असू शकतो. तो उघडू नये.

चौथी गोष्ट, 'व्हीएलसी' हा मोफत प्लेअर वापरून पाहावा. पॅरिसजवळील एका अभियांत्रिकी संस्थेच्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून तो जन्मला आणि २००१ साली मुक्त परवान्याखाली सर्वांना खुला झाला. बहुतेक लिप्या वाचण्याची सोय त्याच्यात अंगभूत असते. व्हीएलसीवर चित्र दिसले आणि ऐकू आले, तर फाइल शाबूत आहे हे निश्चित झाले. आता प्रश्न उरतो तो ती इतर यंत्रांना समजेल अशी करण्याचा.

काळी खिडकी आणि एफएफएमपेग

यासाठी जगभर वापरले जाणारे साधन म्हणजे 'एफएफएमपेग'. फ्रान्समधील संगणकतज्ज्ञ फॅब्रिस बेलार्ड यांनी २००० साली त्याची सुरुवात केली व पुढे अनेक देशांतील स्वयंसेवकांनी ते वाढविले. व्हीएलसीसारखे प्लेअरही आतून त्याच्याच संग्रहाचा आधार घेतात. त्याला बटणे किंवा चित्रे नाहीत. काळ्या खिडकीत आज्ञा टंकावी लागते. त्यामुळे अनेकजण त्याला बिचकतात. पण विचार केला, तर आज्ञा म्हणजे एक वाक्य असते : कोणते साधन, कोणती फाइल, काय करावयाचे आणि निकाल कोठे ठेवावयाचा.

हे साधन त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावे. कोडेक देतो असे सांगून विषाणू घुसविणाऱ्या फाइली पूर्वीपासून फिरत आल्या आहेत. त्याचप्रमाणे, 'फाइल आमच्याकडे पाठवा, आम्ही बदलून देतो' म्हणणाऱ्या ठिकाणी घरातील खासगी चित्रणे पाठविताना शंभरदा विचार करावा.

विंडोजवर फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे तो उघडून वरच्या पत्त्याच्या पट्टीत सी, एम, डी ही तीन अक्षरे टंकून एंटर दाबले, की काळी खिडकी त्याच जागी उघडते. पुढे आज्ञा देवनागरीत उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत. संगणकावर त्या लहान रोमन अक्षरांत व रोमन आकड्यांत टंकाव्यात. 'एफएफएमपेग' म्हणजे एफ, एफ, एम, पी, ई, जी ही सहा अक्षरे; 'एफएफप्रोब' म्हणजे एफ, एफ, पी, आर, ओ, बी, ई ही सात अक्षरे. आडवी रेघ व तिच्यापुढील अक्षर जोडून लिहावे, इतर शब्दांमध्ये एक जागा सोडावी. फाइलीच्या नावात मोकळी जागा असेल, तर नाव दुहेरी अवतरणचिन्हांत घालावे. हे न केल्याने 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' हा संदेश येतो. फाइल नष्ट झाली असा त्याचा अर्थ नाही. आपण सांगितलेल्या नावाची फाइल त्या ठिकाणी सापडली नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे.

निदान : फाइलीलाच विचारा

पहिली आज्ञा काहीही बदलत नाही, फक्त माहिती विचारते :

एफएफप्रोब आजोबा.डॅट

उत्तरादाखल बरीच अक्षरे येतात. त्यांतील तीन ओळी शोधाव्यात. 'इनपुट' या शब्दाने सुरू होणारी ओळ पाकिटाचा खरा प्रकार सांगते, मग नाव काहीही असो. 'ड्यूरेशन' या शब्दापुढे कालावधी असतो. आणि 'स्ट्रीम' या शब्दाच्या ओळींत चित्राची व ध्वनीची लिपी, चित्राची लांबी-रुंदी आणि सेकंदाला किती चौकटी, ही माहिती असते.

खरा प्रकार साधनाला कसा कळतो? प्रत्येक पाकिटाच्या आरंभी ठरावीक खूण असते. एव्हीआय फाइल 'आर-आय-एफ-एफ' या चार अक्षरांनी सुरू होते. एमपीफोर फाइलीत पहिल्या चार बाइटनंतर बहुधा 'एफ-टी-वाय-पी' ही अक्षरे सापडतात. साधन नावावर विसंबत नाही, ही खूण तपासते. म्हणून लेबल चुकलेली फाइलही ते ओळखू शकते. अशा वेळी योग्य नाव दिले, की काम संपते.

आपल्या कल्पनेतील घराच्या सीडीकडे वळू या. ती व्हिडिओ सीडी आहे. हा प्रकार १९९३ साली आला आणि आपल्याकडे लग्नकार्यांच्या चित्रणामुळे खेडोपाडी पोहोचला. तिच्यात 'एमपेगएव्ही' नावाच्या फोल्डरमध्ये 'डॅट' नावाची फाइल असते. आतील चित्र 'एमपेग-१' या लिपीत, आपल्या देशातील पद्धतीनुसार ३५२ बाय २८८ बिंदूंचे व सेकंदाला २५ चौकटींचे असते. म्हणजे आत अनोळखी काहीच नाही. केवळ बाहेरचे वेष्टन निराळे आहे आणि आजचा दूरचित्रवाणी संच 'डॅट' हे नाव पाहूनच माघार घेतो.

पहिला उपाय : पाकीट बदला, पत्राला हात लावू नका

एफएफएमपेग -आय आजोबा.डॅट -सी कॉपी आजोबा.एमपीजी

येथे 'आय' म्हणजे आत घ्यावयाची फाइल. 'सी कॉपी' म्हणजे चित्र व ध्वनी जसेच्या तसे उचलून नव्या पाकिटात ठेवा. या कामाला फार वेळ लागत नाही आणि गुणवत्ता तसूभरही घटत नाही, कारण काहीही नव्याने लिहिले जात नाही. म्हणून हाच उपाय नेहमी प्रथम करून पाहावा. अनुक्रमणिका बिघडलेल्या कित्येक एव्हीआय फाइलीही एवढ्याने मार्गावर येतात, कारण नवे पाकीट तयार करताना अनुक्रमणिका नव्याने बांधली जाते.

काही वेळा निम्मेच काम करावे लागते. २००६ साली सोनी व पॅनासोनिक यांनी आणलेल्या पद्धतीचे कॅमेरे 'एमटीएस' नावाच्या फाइली तयार करतात. त्यातील चित्र एच.२६४ या सर्वत्र चालणाऱ्या लिपीत असते. अडते ते ध्वनीपाशी. चित्र दिसते पण आवाज येत नाही, अशी तक्रार असली तर फक्त ध्वनी बदलावा :

एफएफएमपेग -आय लग्न.एमटीएस -सी:व्ही कॉपी -सी:ए एएसी लग्न.एमपीफोर

'व्ही' म्हणजे चित्र, 'ए' म्हणजे ध्वनी. मधले चिन्ह द्विबिंदूचे. चित्र जसेच्या तसे ठेवा, ध्वनी मात्र 'एएसी' या प्रचलित पद्धतीत लिहा, असा त्याचा अर्थ.

दुसरा उपाय : लिप्यंतर

पाकीट बदलूनही चित्र दिसत नसेल, तर आतील लिपीच यंत्राला परकी आहे. याची दोन टोके नेहमी आढळतात. एक टोक जुने : २००५ ते २०१० च्या सुमारास साध्या भ्रमणध्वनींवर घेतलेल्या 'थ्रीजीपी' फाइली. यांतील चित्र अनेकदा १७६ बाय १४४ बिंदूंचे आणि आवाज दूरध्वनीच्या दर्जाचा असतो. दुसरे टोक नवे : एचईव्हीसी अर्थात एच.२६५ ही २०१३ साली प्रमाणित झालेली लिपी. आयफोनवर ती २०१७ पासून आली आणि आता अनेक भ्रमणध्वनींवर आहे. नव्या भ्रमणध्वनीवरील यात्रेचे सुंदर चित्रण घरातील जुना संच दाखवीत नाही, याचे कारण बहुधा हेच असते.

दोन्हींसाठी आज्ञा एकच :

एफएफएमपेग -आय यात्रा.एमओव्ही -सी:व्ही लिबएक्स२६४ -सीआरएफ २० -पिक्स_एफएमटी वाययूव्ही४२०पी -सी:ए एएसी यात्रा.एमपीफोर

'लिबएक्स२६४' हा एच.२६४ लिहिणारा लेखनिक आहे. 'सीआरएफ' हा गुणवत्तेचा आकडा. तो ० ते ५१ पर्यंत असतो व जितका लहान तितके चित्र चांगले आणि फाइल मोठी. काही न सांगितल्यास तो २३ धरला जातो. जपून ठेवावयाच्या घरगुती चित्रणासाठी १८ ते २० ठेवावा. 'पिक्स' व 'एफएमटी' यांच्यामधील चिन्ह खालच्या रेघेचे आहे. या भागामुळे रंगांची मांडणी जुन्या संचांना समजेल अशी राहते.

जुन्या कॅमेऱ्यांच्या चित्रणात हलणाऱ्या वस्तूंच्या कडांवर कंगव्याच्या दात्यांसारख्या रेघा दिसतात. त्या काळी प्रत्येक चौकट दोन अर्ध्या भागांत टिपली जाई, त्याचा तो परिणाम. लिप्यंतर करतानाच आज्ञेत '-व्हीएफ यादिफ' हे शब्द घातले, की त्या रेघा बऱ्याच अंशी जातात. 'यादिफ' म्हणजे वाय, ए, डी, आय, एफ ही पाच अक्षरे.

येथे एक इशारा आवश्यक आहे. लिप्यंतरात दर वेळी थोडे काही गळतेच. मोडी कागदाची नक्कल करणाऱ्याची नजर चुकावी, तसेच हे आहे. नकलेची नक्कल व तिचीही नक्कल केली, की चेहरे धूसर होत जातात. म्हणून लिप्यंतर नेहमी मूळ फाइलीवरून करावे, नकलेवरून करू नये. तसेच लहान चित्राची लांबी-रुंदी वाढविल्याने त्यात नवा तपशील येत नाही. फक्त फाइल फुगते. आजोबांचे चित्र लहान असेल तर लहानच राहू द्यावे.

तुकड्यांत आलेली डीव्हीडी

घरगुती डीव्हीडीवर 'व्हिडिओ टीएस' फोल्डरमध्ये 'व्हीओबी' नावाच्या फाइली असतात व त्या सुमारे १ जीबीच्या तुकड्यांत विभागलेल्या असतात. प्रत्येक तुकडा वेगळा रूपांतरित केला, तर जोडावर शब्द तुटतात. म्हणून ते एकत्र आत घ्यावेत. त्यासाठी 'आय'नंतर अवतरणचिन्हांत 'कॉन्कॅट' हा शब्द, द्विबिंदू, आणि मग तुकड्यांची नावे क्रमाने, प्रत्येक दोन नावांमध्ये एक उभी रेघ देऊन लिहावीत. पुढील आज्ञा वरीलप्रमाणेच. ज्या तुकड्याच्या नावाचा शेवट शून्याने होतो तो अनुक्रमणिकेच्या पडद्याचा असतो. तो घेऊ नये.

सीडी किंवा डीव्हीडीच वाचता येत नसेल, तर प्रथम ती मऊ कापडाने केंद्राकडून कडेकडे सरळ पुसावी, गोल फिरवून पुसू नये. दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून पाहावी. एका यंत्राला न वाचता आलेली तबकडी दुसरे यंत्र वाचते, हा अनुभव नित्याचा आहे. व्हिडिओ सीडीवर चित्राच्या भागाला इतर सीडींइतके चूक-दुरुस्तीचे संरक्षण नसते, त्यामुळे ओरखडे तिला अधिक बाधतात. लिनक्स प्रणालीवरील 'डीडीरेस्क्यू' हे साधन वाचता येणारा भाग आधी उचलते आणि अवघड भागावर पुन्हा पुन्हा प्रयत्न करते. मध्ये दोन-चार सेकंद गेले तरी उरलेले चित्रण हाती लागते.

खरोखर फाटलेले पत्र

आता कठीण प्रकार. यात्रेच्या गर्दीत चित्रण चालू असताना भ्रमणध्वनीची बॅटरी संपली. नंतर फाइल दिसते, तिचा आकारही मोठा आहे, पण ती उघडत नाही. एफएफप्रोब 'मूव्ह अ‍ॅटम नॉट फाउंड' असे सांगते.

याचे कारण असे. एमपीफोर फाइलीत चित्र व ध्वनी आधी लिहिले जातात आणि कोणती चौकट कोठे आहे, याची अनुक्रमणिका चित्रण थांबविल्यावर लिहिली जाते. या अनुक्रमणिकेला 'मूव्ह' म्हणतात. बॅटरी मध्येच संपली, तर पुस्तकाची पाने लिहिलेली राहतात, पण अनुक्रमणिका लिहिलीच जात नाही. एफएफएमपेगला ती स्वतःहून तयार करता येत नाही. मात्र 'अनट्रंक' नावाचे एक मोफत साधन यासाठी आहे. त्याच भ्रमणध्वनीवर, त्याच मांडणीत घेतलेली एक चांगली फाइल त्याला नमुना म्हणून द्यावी लागते. तिच्यावरून ते लेखनाची रीत ओळखते आणि फाटलेल्या फाइलीची अनुक्रमणिका पुन्हा बांधण्याचा प्रयत्न करते. यश हमखास येते असे नाही. पण बरेचदा येते. म्हणून अशी फाइल पुसू नये, आणि तो भ्रमणध्वनीही लगेच विकू नये.

मेमरी कार्डावरून फाइल पुसली गेली असेल, तर त्या कार्डावर नवे काहीही टिपू नये. जुन्या मजकुरावर नवा लिहिला गेला, की मग मात्र कोणतेच साधन तो परत आणू शकत नाही.

ज्या धर्मग्रामांत विधींचे थेट प्रक्षेपण करून त्याचे ध्वनिचित्रमुद्रणही केले जाते, त्यांनी याच अनुभवातून एक धडा घ्यावा. वीज जाण्याचा धोका असेल तेथे मुद्रण एमकेव्ही पाकिटात करावे. त्यात माहिती क्रमाक्रमाने नोंदली जाते, त्यामुळे वीज गेली तरी तोवरचे चित्रण बहुधा वाचते. कार्यक्रम संपल्यावर 'सी कॉपी'ने ते एमपीफोरमध्ये घ्यावे.

काम झाल्यावर

नवी फाइल तयार झाली म्हणून जुनी लगेच काढून टाकू नये. आधी एफएफप्रोबने दोहोंचा कालावधी ताडून पाहावा. मग आरंभ, मध्य आणि शेवट अशा तीन ठिकाणी ती चालवून पाहावी. ओठांची हालचाल आणि आवाज जुळतात का, ते पाहावे. त्यानंतरही मूळ फाइल ठेवावी, कारण पुढे अधिक चांगले साधन येईल तेव्हा ती लागेल.

जतनाचा एक सर्वमान्य नियम आहे : तीन प्रती, दोन निराळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यांपैकी एक दुसऱ्या ठिकाणी. २००५, २०१९ आणि २०२१ सालचे पंचगंगेचे महापूर पाहिलेल्या कोल्हापूरकरांना 'दुसऱ्या ठिकाणी' या शब्दांचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. एक प्रत दुसऱ्या गावच्या नातलगाकडे असली, तर घरातील कपाट भिजले तरी आठवणी भिजत नाहीत.

कोल्हापूरला हा धडा एका वेगळ्या मार्गानेही मिळालेला आहे. याच शहरात बाबूराव पेंटर यांनी एका जुन्या यंत्राची रचना समजून घेत, सहकाऱ्यांच्या मदतीने स्वतःचा कॅमेरा घडविला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीद्वारे चित्रपट काढले. त्यांचा १९२० चा 'सैरंध्री' आणि १९२५ चा मूक 'सावकारी पाश' यांची नावे चित्रपटाच्या प्रत्येक इतिहासात येतात; पण ते चित्रपट आज पाहावयास मिळत नाहीत. ज्या शहराने चित्र टिपण्याचे यंत्र स्वतःच्या हातांनी बनविले, त्याच शहराची ती चित्रे काळाच्या ओघात हरवली. त्यांच्या प्रती वेळीच निघाल्या असत्या, तर कदाचित आज निराळे लिहिता आले असते. यंत्र उघडून पाहण्याची पेंटरांची जिज्ञासा आणि प्रती जपण्याची दक्षता, या दोन्ही गोष्टी घरातील फाइलीपाशीही उपयोगी पडतात.

आता पुन्हा डोंगराच्या पायथ्याच्या त्या घराकडे. नातवाने सीडी पुसून स्वच्छ केली, फाइलीची प्रत काढली, तिला एफएफप्रोबने विचारले आणि एका ओळीच्या आज्ञेने तिचे पाकीट बदलले, तर संध्याकाळी घरातील सर्वजण संचासमोर बसू शकतील. चित्र लहान असेल, थोडे फिकट असेल. पण गुलालाच्या धुळीतून काठी सावरणारे आजोबा दिसतील आणि त्यांच्या आवाजातील 'चांगभलं' ऐकू येईल.

वाचकांना विनंती एवढीच, की येत्या सुट्टीत आपले कपाट उघडावे. धर्मग्रामातील ज्या युवकांना संगणक अवगत आहे, त्यांनी शेजारच्या वडीलधाऱ्यांच्या सीड्या व पेनड्राइव्ह घेऊन एक दिवस बसावे. तबकड्या वर्षागणिक क्षीण होत आहेत आणि त्या वाचणारे ड्राइव्ह नव्या संगणकांत क्वचितच येतात. फाइल अजून जिवंत आहे, तोवरच तिची ओळख करून घेतलेली बरी.